पाटावरचा घाट

माझा पहिला लष्करी ट्रक मी नळाचे पाइप जोडायच्या सोल्युशनने चिकटवला. त्यामुळे त्याच्या बॉनेटवर माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा उमटला, तो कायमचाच. आज कपाटात तेरा-चौदा गाड्या आहेत, एकीहून एक सफाईदार. पण कोणी कपाटासमोर उभं राहिलं की मी आधी तो ठसा दाखवतो. बाकीच्या गाड्या हौसेने केल्या. ही एक गरजेपोटी केली.

गरज सांगायची तर आधी माझ्या तोंडाबद्दल सांगायला हवं. साखळीच्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवायचो. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एखाद्याने आकाशाचा निळा रंग कौलांवर सांडला तरी मी अख्खा वर्ग उभा करायचो. घरात आई आणि बायको माझ्या बोलण्याकडे सरळ दुर्लक्ष करीत. दोघींना ठाऊक होतं की ओरडून झालं की मीच चहा मागणार. मला या सगळ्याची इतकी सवय झाली होती की माझं बोलणं कोणाला लागू शकतं, हेच मी विसरून गेलो होतो.

धाकटा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. गोवा राज्य झालं त्याच्या आगेमागे तो लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाला. खरं तर गाडी चालवणाऱ्याला आमच्याकडे कामाची वाण नव्हती. सुर्लेच्या खाणींवरचा माल घेऊन जाणारे ट्रक सकाळपासून आमच्या दारावरून रांगेने जायचे. त्यातलाच एखादा त्याने धरावा आणि दुपारी घरी जेवायला यावं, एवढीच बाबांची इच्छा होती. तो म्हणाला, "ह्या तांबड्या धुळीचो माका वीट आयला." आणि पेटी उचलून गेला. बाबांनी मनाला लावून घेतलं, असं मला वाटायचं. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही. मीच त्यांच्या वतीने ठरवून टाकलं होतं.

बाबा पौषात गेले. सकाळी छातीत कळ आली तेव्हा मी साखळीच्या पोस्टातून एक तार केली आणि दुपारी ते गेल्यावर दुसरी. दोन्हींना उत्तर नाही. अग्नी मी दिला. दहावा झाला, अकरावा झाला, बारावा झाला. तेराव्या दिवशी पानं मांडून झाली होती, भाताची वाफ अंगणात येत होती, आणि तो फाटकातून आत आला. ओठ फुटलेले, नाकाची साल निघालेली, डोळे लाल. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं आणि त्याचा अर्थ मात्र विचारला नाही. तेरा दिवस आत कोंडलेलं सगळं माझ्या तोंडावाटे बाहेर आलं. तीस-चाळीस माणसांदेखत मी म्हणालो, "आतां कित्याक आयलोस? जेवूक?"

 त्याने पाय धुतले, बाबांच्या फोटोला नमस्कार केला आणि पंगतीत येऊन बसला. पानाभोवती पाणी फिरवलं आणि तसाच बसून राहिला. एक घास तोंडात घातला नाही. पंगत उठली तेव्हा तो सगळ्यांबरोबर उठला, आणि त्याचं पान जसं वाढलं होतं तसंच आईने उचललं.

त्यानंतर तो वर्षातून एकदा, चवथीच्या सुमारास रजेवर यायचा. आईशी बोलायचा, माझ्या बायकोची थट्टा करायचा. माझ्या प्रश्नांना "हय" आणि "ना" एवढीच उत्तरं. आणि माझ्या पंगतीला तो बसत नसे. भांडण नाही, हट्ट नाही, नुसती "भूक ना". सकाळी साखळीच्या बाजारात जाऊन भाजी-पाव खाऊन यायचा. दुपारी मी जेवून हात धुतले की आई त्याला चुलीपाशी वाढायची. चवथीच्या दिवशी, देवापुढे नैवेद्य दाखवून झाल्यावर घरची सगळी माणसं एका ओळीत बसतात, त्या ओळीतसुद्धा तो नसायचा. कोणाच्या तरी घरी माटोळी बांधायला मदत करायची आहे, असं सांगून निघून जायचा. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळाफुलांची चौकट. ती चवथीच्या दुपारी कोणी बांधत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे जेवायला बसायचे पाट ज्याचे त्याचे ठरलेले. कोपऱ्यात पितळेची फुलं ठोकलेली. त्याच्या पाटाचं एक फूल लहानपणीच निघालं होतं, तिथे नुसता खिळ्याचा खड्डा. पहिली दोन वर्षं आई त्याचा पाट मांडायची आणि रिकामाच उचलायची. तिसऱ्या वर्षी तिने तो मांडला नाही. पाट भिंतीला टेकून उभा राहिला. मला त्याचं न जेवणं तितकं लागलं नव्हतं जितकं आईचं ते न मांडणं लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपण माफी मागायला हवी. पण मास्तर माणसाला माफी मागवायची सवय असते, मागायची नसते. मी मूग गिळून बसलो.

ताई, म्हणजे आम्हा दोघांची मधली बहीण, हरमलला दिलेली. तिच्या नवऱ्याची होडी होती आणि घरामागे पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या. एका खोलीत एक म्हातारा परदेशी दर हिवाळ्यात दोन महिने राहायचा. बाकीचे पाहुणे भाड्याच्या मोटरसायकली घेऊन उधळायचे. हा आपला सोप्यावर बसून चिमट्याने प्लास्टिकचे बारीक बारीक तुकडे जोडत असायचा. त्या वर्षी जाताना तो एक खोकं मागे ठेवून गेला. डोळे राहिले नाहीत म्हणाला, आता कोणालातरी द्या. मे महिन्यात मी स्कूटर घेऊन हरमलला गेलो तेव्हा ताईने ते माझ्यापुढे ठेवलं. "तुका चित्रां काडपाची खोड आसा. हें घेवन वच घरा."

खोक्यावर मिलिटरी ट्रकचं चित्र होतं. ट्रक कुठल्याशा हिरव्या मुलखातून चालला होता. आत चाकं, टप, बॉनेट, सगळं प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेलं, आणि बोटाएवढे पाच शिपाई. चार उभे, एक बसलेला ड्रायव्हर. खऱ्या मापाच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा ट्रक. खालचा सांगाडा म्हाताऱ्याने जोडून ठेवला होता, आणि तो इतका नेटका होता की पुढचं काम कोणी केलं हे आजही आंधळा सांगेल.

परत येताना पेडण्याच्या चढावर मला कल्पना सुचली. धाकट्याने नोकरीच्या पहिल्या वर्षी आईला एक फोटो पाठवला होता. काळा-पांढरा. मागे उघडाबोडका डोंगर, मधे ट्रक, आणि ट्रकसमोर चौघे जण कॅमेऱ्याकडे पाहत उभे, त्यात तो. आईने तो फोटो दिनदर्शिकेच्या खिळ्यालाच अडकवला होता. मी ठरवलं, त्या फोटोचा देखावा करायचा. तो येईल, बघेल, काहीतरी बोलेल. बोलला की मी बोलेन. मग जेवायला बसेल. याला डायोरामा म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा माझ्यापुढे चवथीचे देखावे होते. आमच्या वाड्यावर गणपतीसमोरचा देखावा करावा तर मीच, अशी माझी ख्याती होती, आणि त्या ख्यातीवर मी फार खूश होतो.

सुट्टीभर आणि नंतर शाळा सुरू झाल्यावरही मी रोज दुपारी ओटीवर जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, मेज ओढून बसायचो. कागदाचा पांढरा गोंद प्लास्टिकला धरेना. टप तीनदा निखळला. तिसऱ्यांदा मी तो जनेलातून बाहेर भिरकावला आणि मग केळीच्या बुंध्याशी अर्धा तास शोधत बसलो. शेवटी साखळीच्या हार्डवेअरवाल्याकडून पाइपाचं सोल्युशन आणलं. त्याने धरलं, पण प्लास्टिक मऊ केलं, आणि बॉनेट दाबून धरताना माझा अंगठा त्यात रुतला. कानशीने घासून पाहिलं तर बॉनेटच पातळ व्हायला लागलं. राहू दे म्हटलं.

रंगासाठी मी खाणीचे ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडे गेलो. तो मूळचा कोल्हापूरकडचा. त्याने डब्याच्या झाकणात हिरवा, पिवळा आणि चिमूटभर काळा असे कालवून असा काही रंग काढला की मी थक्क झालो. मग ब्रश हातात धरून तो थांबला. "मागं काय लिहायचं, मास्तर?"

"काही नाही. मिलिटरीचा ट्रक आहे."

"कायच नाही?" त्याला ते अपुरं वाटत होतं. "मग लिंबू-मिरची तरी बांधा."

आता खाली फळी हवी होती. प्लायवूड आणायला डिचोलीला जावं लागलं असतं. स्वयंपाकघरात भिंतीला टेकलेला पाट दिसला. रुंदी बरोबर, लाकूड फणसाचं, पावसात फुगायची भीती नाही. मी तो उचलून मेजावर ठेवला आणि दगड चिकटवायला घेतले. आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तो ताचो पाट मरे."

"ताका तो जाय खंय?" मी मान वर न करता म्हणालो. न जेवणाऱ्याला पाट हवाच कुठे, या अर्थाने.

आई आत गेली. पाच मिनिटांनी माझा हात थांबला. पण तोवर दोन मोठे दगड घट्ट बसले होते आणि ते काढायला गेलं तर पाटाची सालपटं निघाली असती. निदान मी स्वतःला असं सांगितलं. खरी गोष्ट अशी की आपण चुकलो हे कबूल करून दगड खरवडत बसण्यापेक्षा पुढे जाणं मला सोपं वाटलं. ही माझी जुनी सवय.

डोंगर मी चिऱ्याच्या कपच्यांचा केला, तांबड्या जांभ्या दगडाचा. दुसरा दगड आमच्याकडे कुठे आहे? रस्त्यासाठी दारासमोरची माती चाळून घेतली. खाणीच्या ट्रकांतून सांडलेली बारीक तांबडी भुकटी, आयती. फोटो काळा-पांढरा असल्यामुळे रंगाचा निर्णय माझ्याकडेच होता, आणि मी जन्मात जेवढे मोठे ट्रक पाहिले होते तेवढे सगळे खालून तांबडे होते. तेव्हा चाकांना, मडगार्डांना, टपाच्या कडांना मी तीच भुकटी पाण्यात कालवून लावली. काय छान दिसलं म्हणून सांगू. बायकोसुद्धा म्हणाली, अगदी खरा वाटतो.

शिपाई उभे करताना मी माझी सगळी विद्या पणाला लावली. चवथीच्या देखाव्याचा आमचा एक नियम असतो. तो कोणी लिहिलेला नाही, पण मोडतही नाही. बघणाऱ्याकडे कोणाची पाठ येता कामा नये. राक्षस मरतानासुद्धा लोकांकडे तोंड करून मरतो. त्याप्रमाणे मी दोघांना ट्रकच्या उजवीकडे, दोघांना डावीकडे, सारख्या अंतरावर, सगळ्यांची तोंडं समोर अशी बसवली. ड्रायव्हर आत, तोही समोर बघतोय. रस्ता डोंगरातून वळण घेऊन पार पुढच्या कडेपर्यंत आणला, मोकळा आणि स्वच्छ, म्हणजे ट्रक आता निघेल आणि आपल्या ओटीवर येऊन थांबेल असं वाटावं. मी दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि मला माझाच अभिमान वाटला.

तो चवथीच्या दोन दिवस आधी आला. मी देखाव्यावर जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं. नैवेद्याच्या वेळी सगळ्यांसमोर काढायचं, असा बेत. पण त्याच दुपारी मी अंगणातून मखरासाठी बांबू घेऊन आत आलो तर लुगडं बाजूला पडलं होतं आणि तो मेजासमोर उकिडवा बसला होता. हनुवटी मेजाच्या कडेला टेकलेली, एक डोळा मिटलेला. मी तीन महिने तो देखावा उभ्याने, वरून आणि समोरून पाहिला होता. तो रस्त्याच्या उंचीवरून बघत होता. आई शेजारी खाली बसून पूजेच्या वाती वळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कापसात बोटं घातली.

मी बांबू हातात धरून उभा राहिलो. 

"स्टिअरिंग दाव्या बाजूक आसा," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता, पण मला. चार वर्षांत "हय" आणि "ना" यांच्या पलीकडचं पहिलं वाक्य.

"भायल्या देशाचो ट्रक तो," मी म्हणालो.

"हय." मग, "दादा, हो सुर्लेचो डोंगर मरे." त्याने चाकावर बोट फिरवून बोटाचं टोक पाहिलं. ते लाल झालं होतं. "थंय अशी माती ना. थंय कसलोच रंग ना." आणि तो हसला. हसला म्हणजे नाकातून वारा सोडला इतकंच, पण मी ते धरून ठेवलं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर एवढ्यावर गप्प बसला असता. मी मात्र विचारलं, "आनी? आनी कितें चुकलां?"

त्याने पुन्हा एक डोळा मिटला. "सगळे आमच्याकडेन पळयतात," तो म्हणाला. "रस्तो कोण पळयता?"

 फोटोतही सगळे आमच्याकडेच पाहत होते, असं म्हणणार होतो. पण फोटो काढताना माणसं कॅमेऱ्याकडे पाहतात, कामाच्या वेळी नाही, एवढं मला त्या क्षणी कळलं. मेजाच्या गवेतीत, म्हणजे खणात, माझी पात्याची सुरी होती. ती मी काढून त्याच्यापुढे ठेवली. का ठेवली ते सांगता येणार नाही.

त्याने सुरीने एकेक शिपाई अलगद सोडवला. एकाला डोंगराकडे तोंड करून उभं केलं. बर्फ वरून कधी सुटेल ते बघायला एक माणूस लागतो, म्हणाला. दोघांना ट्रकच्या मागे नेलं. चौथ्याला पार वळणावर, एकटाच. मग त्याने सुरीने टप उचकटला आणि ड्रायव्हरला बाहेर काढलं. ड्रायव्हर बसलेलाच होता, कोपरात हात वाकवलेले. त्याने त्याला पुढच्या चाकाशी जमिनीवर बसवलं, आमच्याकडे पाठ करून. वाकलेले हात आता गुडघ्यांवर आल्यासारखे दिसत होते.

"तार मेळ्ळ्या उपरांत हांव हांगा बसलेलों," तो म्हणाला.

आईची बोटं थांबली.

त्याने सगळं सांगितलं, तुटक तुटक, माझ्याकडे न बघता, सुरीच्या टोकाने दाखवत. तार घाटापलीकडच्या तळावर पोचली होती. दोन्ही तारा एकदमच. साहेबाने तिथल्या तिथे रजा दिली. माल उतरवून रिकामे परतणारे ट्रक होते, त्यातला एक हाच चालवत निघाला, बरोबर आणखी चौघे. अर्ध्या घाटात पुढे बर्फ कोसळलं. वळवायला जागा नव्हती, आणि संध्याकाळपर्यंत मागचाही रस्ता बंद झाला. "मुखार बर्फ, फाटल्यान बर्फ." पाच दिवस ते तिथे होते. चौघे आळीपाळीने डोंगर बघत, आणि हा इंजिन गोठू नये म्हणून तासातासाने ट्रक चालू करी. बाकी वेळ चाकाशी बसून राही, कारण आत बसलं की झोप लागायची. पाचव्या दिवशी त्याने दोरी धरून चालत घाट उतरायची परवानगी मागून घेतली. मग गाडी, मग दुसरी गाडी, मग बेळगावहून बस. नाकाची साल त्यात गेली होती.

"पांच दीस हांव बाबाकच पळयतालों," तो म्हणाला. एवढं एक वाक्य बोलताना त्याचा आवाज चिरकला.

मग त्याने देखाव्याकडे पुन्हा पाहिलं आणि माझ्या त्या मोकळ्या, स्वच्छ, वळणदार रस्त्यावर बोट ठेवलं. "रस्तो असो उगडो नासलो, दादा."

तो आईकडे वळला आणि तिच्या ताटातला कापूस उचलला. आईने ताटच त्याच्याकडे सरकवलं. "देवाक उरूं दी मात्शें," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. थोडंसं देवालाही राहू दे, एवढंच तिचं म्हणणं. त्याने कापूस पिंजून ट्रकच्या पुढे रचला, टपाच्या उंचीइतका. मग मागे. माझा तांबडा डोंगर झाकला, तांबडी चाकं झाकली. मी जो रस्ता पुढच्या कडेपर्यंत, आमच्या ओटीपर्यंत आणला होता तो सगळा बुजवून टाकला. मी पांढरा गोंद पातळ करून वाटीत आणला आणि कुलेरीने, चहाच्या चमच्याने, कापसावर थेंब थेंब सोडू लागलो. आम्ही दोघे एकाच मेजावर वाकलो होतो. त्याची पाठ आणि त्या ड्रायव्हरची पाठ माझ्या नजरेत एकाच वेळी होत्या.

तेराव्या दिवशी तो अंगणात आला तेव्हाची ती सोललेली त्वचा मी पाहिली होती. चित्रकलेचा मास्तर मी, बघणं हाच माझा धंदा. मुलांना सांगायचो, आधी नीट बघा, मग पेन्सिल उचला. आणि सख्ख्या भावाचं तोंड मला बघता आलं नाही. मला माझी लाज वाटली. त्या लाजेतूनच शब्द बाहेर पडले.

"हांव चुकलों रे," मी म्हणालो. "त्या दिसा हांवें तसें उलोवंक नाका आसलें."

त्याने मान वर केली नाही. कापसाचा एक पुंजका मागच्या चाकाशी बोटाने दाबून धरला होता, तो सोडला नाही. "गोंद सुकूं दी," तो म्हणाला.

मला वाटलं, संपलं. एवढंच मिळायचं होतं. मी वाटी उचलली आणि धुवायला विहिरीवर गेलो. तिथे हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल घेऊन दारावर आला होता, त्याच्याकडून उगाचच चार उंडे पाव जास्त घेतले. परत आलो तेव्हा माझ्या बायकोने स्वयंपाकघरात पानं मांडायला घेतली होती. बाबांचा पाट आता मांडत नसत. माझा होता, आईचा होता, बायकोचा होता. मी माझ्या पाटाशी गेलो.

तो दारात येऊन उभा राहिला. ओले हात पँटला पुसत त्याने भिंतीकडे पाहिलं, जिथे इतकी वर्षं एक पाट टेकून उभा असायचा. मग चुलीमागे पाहिलं. मग आईकडे.

"माजो पाट खंय?"

चार वर्षांत त्याने पाट विचारला नव्हता. आई माझ्याकडे बघायला लागली.  मी फक्त ओटीवरच्या मेजाकडे बोट दाखवलं.

तो तिकडे गेला. देखाव्याच्या कडेखाली हात घालून चाचपडला. तीन कोपरे झाले, आणि चौथ्या कोपऱ्यात त्याचं बोट त्या खिळ्याच्या खड्ड्यावर थांबलं असावं, कारण तो तसाच वाकून राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला आधी कळेना की तो हसतोय की रडतोय.

"आई," तो तिथूनच ओरडला, "माज्या पाटार हाणें घाट बांदला गो."

बायकोने आणखी एक पान मांडलं. मी माझा पाट त्या पानासमोर त्याच्यासाठी सरकवला आणि शेजारी नुसत्या जमिनीवर बसलो. शेणाने सारवलेली जमीन थंड होती. आईने वाढायला सुरुवात केली. त्याने पानाभोवती पाणी फिरवलं, पहिला घास घेतला, आणि मग दुसऱ्यांदा भात मागून घेतला.